निळ्या बाळांना जीव देणारे हात

गेल्या महिन्यात विहारातले आरोग्य शिबिर आटोपून आम्ही वजनकाटा आणि बीपीचे मशीन आवरत होतो. तेवढ्यात वस्तीतले एक भाऊ मुलीला घेऊन आले. मुलगी बारावी सायन्स, नीट दिलेली. एमबीबीएसला लागतील एवढे गुण नव्हते, पण पशुवैद्यकीय महाविद्यालयात नंबर लागेल असे होते. तिच्या शिक्षकांनी तिला सांगितले होते की पशुवैद्य झालेला माणूस फक्त गाई-म्हशीच तपासतो असे नाही. नवे औषध, हृदयाची नवी झडप, नवी शस्त्रक्रिया माणसावर करण्याआधी ती जनावरावर करून पाहावी लागते, आणि ते ऑपरेशन करणारे सर्जन वेगळे असतात. मुलीने तेच मनात धरले होते.

भाऊ म्हणाले, "ताई, तुम्हीच समजवा हिला. माझ्या आज्याने गावात मेलेली ढोरं ओढली. बाबासाहेबांनी सोडा म्हटलं तेव्हा गावकीचा बहिष्कार सोसून सोडलं. आता पोरगी बारावी शिकून परत जनावरांतच जाणार? आणि तेही जिवंत जनावर कापायला? दर पौर्णिमेला आपण पंचशील घेतो ते कशाला?"

मुलगी काही बोलली नाही. आम्हालाही लगेच उत्तर सुचले नाही. भावांचे दोन्ही प्रश्न खरे होते. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडायला सांगितले. ते सोडण्यासाठी आपल्या आज्या-पणज्यांनी काय किंमत मोजली ते प्रत्येक घराला माहीत आहे. त्यामुळे त्या बापावर हसण्यासारखे काही नव्हते. आम्ही त्यांना बसवले, चहा मागवला आणि एका माणसाची गोष्ट सांगितली. आमच्यापैकी ज्यांनी नर्सिंग केले त्यांनाही डिप्लोमाच्या तीन वर्षांत ती कुणी सांगितली नव्हती. तीच इथे लिहीत आहोत.

सुताराचा मुलगा

व्हिव्हियन थॉमस यांचा जन्म १९१० साली अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातला. घर काळ्या लोकांचे, वडील सुतार. पुढे कुटुंब नॅशव्हिल शहरात आले. वडिलांच्या हाताखाली मुलगा रंधा, करवत, मोजमाप शिकला. त्याला डॉक्टर व्हायचे होते. हायस्कूल झाल्यावर कॉलेजसाठी तो पैसे साठवू लागला. १९२९ साली अमेरिकेत शेअर बाजार कोसळला, कामे बंद पडली, आणि त्याचे सुतारकामही गेले.

फेब्रुवारी १९३० मध्ये त्याला व्हँडरबिल्ट विद्यापीठात डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक या तरुण गोऱ्या सर्जनच्या प्रयोगशाळेत काम मिळाले. तिथे कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून संशोधन चाले. पहिला दिवस संपताना डॉक्टरांनी त्याला सांगितले, उद्या सकाळी येऊन कुत्र्याला भूल देऊन तयारी करून ठेव. काही आठवड्यांतच तो स्वतः शस्त्रक्रिया सुरू करू लागला. वय एकोणीस. त्याच वर्षी नॅशव्हिलच्या बँका बुडाल्या आणि कॉलेजसाठी साठवलेले पैसेही गेले.

काम संशोधकाचे होते, पण विद्यापीठाच्या कागदावर हुद्दा लिहिलेला होता झाडूवाल्याचा, आणि पगारही तोच. हे कळल्यावर थॉमस यांनी तंत्रज्ञाचा पगार मागितला. पगार वाढला. त्याआधी एकदा प्रयोगात चूक झाली म्हणून डॉक्टरांनी त्यांना शिवीगाळ केली होती. अशी भाषा ऐकून घेण्याची आम्हाला सवय नाही असे सांगून थॉमस कपडे बदलून निघायला लागले. डॉक्टरांनी माफी मागितली, पुन्हा असे होणार नाही म्हणाले, आणि तो शब्द पाळला. घरी बँकेत पैसा नाही, बाहेर मंदी, आणि तरी हा मुलगा निघायला तयार होता, हे लक्षात ठेवा.

या दोघांनी त्या प्रयोगशाळेत शोधले ते आज प्रत्येक अपघात विभागात वापरले जाते. मोठी जखम झाली की माणूस थंड पडतो, नाडी बारीक होते, बीपी उतरते. त्याला आपण शॉक म्हणतो. तेव्हा बऱ्याच डॉक्टरांना वाटे की जखमेतून काही विष अंगात पसरते. ब्लॅलॉक आणि थॉमस यांनी कुत्र्यांवर दाखवून दिले की खरे कारण रक्त आणि द्रव कमी होणे हे आहे. ते भरून काढा, माणूस वाचतो. दुसऱ्या महायुद्धात कितीतरी जखमी सैनिक या ज्ञानामुळे वाचले. अपघाताचा रुग्ण आला की सिस्टर आधी शीर शोधून सलाईन लावते, त्यामागे ती प्रयोगशाळा आहे.

निळे बाळ म्हणजे काय

१९४१ साली डॉ. ब्लॅलॉक बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मुख्य सर्जन झाले. थॉमस यांना सोबत घेऊनच आले. तिथे काळ्या-गोऱ्यांची शौचालयेसुद्धा वेगळी होती. काळा माणूस नोकरीला असेल तर तो साफसफाईला. पांढरा कोट घातलेला काळा माणूस जाताना पाहून लोक थांबून बघत.

तिथे लहान मुलांच्या हृदयविकाराच्या डॉक्टर होत्या हेलन टॉसिग. त्यांना ऐकू फार कमी येई, म्हणून त्या बाळाच्या छातीवर हात ठेवून ठोके समजून घेत. त्यांच्याकडे निळी बाळे येत. त्यांच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असते, आणि फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. त्यामुळे रक्त फुफ्फुसात पुरेसे जातच नाही. प्राणवायू न घेतलेले काळपट रक्तच अंगभर फिरते. ओठ, जीभ, नखे निळी पडतात. बाळ चार पावले चालले की दमून उकिडवे बसते. तेव्हा यावर काहीही इलाज नव्हता. आईबाप नुसते बघत राहत.

टॉसिग बाईंनी १९४३ च्या सुमारास ब्लॅलॉक आणि थॉमस यांना विचारले, फुफ्फुसाकडे जास्त रक्त नेण्यासाठी दुसरी वाट करता येईल का? नळ जोडणारा जसे पाइप वळवतो तसे?

हे शोधायचे काम थॉमस यांच्याकडे आले. आधी कुत्र्यामध्ये निळ्या बाळासारखी अवस्था तयार करायची, मग ती दुरुस्त करायची. जवळपास दोन वर्षे लागली, सुमारे दोनशे कुत्र्यांवर शस्त्रक्रिया झाल्या. हाताकडे जाणारी धमनी वळवून फुफ्फुसाच्या धमनीला शिवायची, असा मार्ग ठरला. पेन्सिलपेक्षा बारीक नळ्या, त्यांना रेशमाच्या बारीक धाग्याने टाके. एवढ्या बारीक कामाची हत्यारे बाजारात नव्हती. थॉमस यांनी प्रयोगशाळेतल्या सुया आणि चिमटे स्वतः घासून, कापून तयार केले. बापाकडून शिकलेली सुतारकी तिथे कामाला आली. या ऑपरेशननंतर दीर्घकाळ जगलेली पहिली कुत्री अॅना. तिचे चित्र जॉन्स हॉपकिन्सच्या भिंतीवर लागले.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी हे ऑपरेशन पहिल्यांदा माणसावर झाले. आयलीन नावाची मुलगी, अजून दोन वर्षांचीही नाही, वजन जेमतेम चार किलो. ऑपरेशन डॉ. ब्लॅलॉक यांनी केले. पण त्यांनी स्वतः हे कुत्र्यावर एकदाच, तेही थॉमस यांचे मदतनीस म्हणून केले होते. म्हणून त्यांनी थॉमस यांना बोलावून घेतले. थॉमस एका स्टुलावर, डॉक्टरांच्या उजव्या खांद्यामागे उभे राहिले. टाका बरोबर दिशेने पडतो आहे का, चीर पुरेशी लांब आहे का, हे डॉक्टर विचारत होते आणि थॉमस सांगत होते.

आयलीन ऑपरेशनमधून उठली, सुधारली, पण काही महिन्यांनी पुन्हा निळी पडली आणि गेली. तिसरा रुग्ण सहा वर्षांचा मुलगा होता. त्याचे ओठ टेबलावरच गुलाबी झाले. मग जगभरातून आईबाप बाळे घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले. एका वर्षात दोनशेहून जास्त ऑपरेशने झाली. शिकायला सर्जन येत, आणि त्यांना प्रयोगशाळेत टाके घालायला शिकवत थॉमस.

नाव कुठे गेले?

मे १९४५ मध्ये या ऑपरेशनवरचा लेख अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. लेखक ब्लॅलॉक आणि टॉसिग. थॉमस यांचे नाव त्यात कुठेच नव्हते. ऑपरेशनलाही त्या दोघांचीच नावे मिळाली. घर चालावे म्हणून थॉमस कधी कधी डॉक्टरांच्या घरच्या पार्ट्यांत दारूचे पेले भरून देत. दिवसा ज्या सर्जनांना त्यांनी हात धरून शिकवले, त्यांनाच संध्याकाळी पेला द्यायचा. त्यांनी पुन्हा कॉलेजला जाण्याची चौकशी केली, पण केलेल्या कामाचे कुठलेच श्रेय मिळणार नव्हते, पहिल्या वर्षापासून सुरुवात. डॉक्टर होईपर्यंत पन्नाशी येईल असा हिशेब करून त्यांनी तो विचार सोडला.

न्याय उशिरा आला. त्यांनी शिकवलेल्या सर्जनांनी वर्गणी काढून त्यांचे तैलचित्र करून घेतले. १९७१ साली ते ब्लॅलॉक यांच्या चित्राशेजारी लागले. १९७६ साली जॉन्स हॉपकिन्सने त्यांना मानद डॉक्टरेट दिली, तीही वैद्यकाची नाही, कायद्याची. मग ते अधिकृतपणे वैद्यकीय महाविद्यालयाचे शिक्षक झाले. १९८५ साली ते गेले. आता अनेक डॉक्टर या ऑपरेशनच्या नावात थॉमस हे नावही जोडतात: ब्लॅलॉक-थॉमस-टॉसिग शंट.

त्यांचे भाऊ हॅरल्ड नॅशव्हिलमध्ये शाळामास्तर होते. काळ्या शिक्षकांना गोऱ्यांपेक्षा कमी पगार म्हणून ते कोर्टात गेले आणि १९४२ साली जिंकले. एका घरातला एक भाऊ कोर्टात लढला, दुसरा ऑपरेशन टेबलापाशी उभा राहिला. आम्हाला दोन्ही लढाया एकच वाटतात.

आज्याचे काम आणि नातीचे काम

इथपर्यंत ऐकून भाऊ म्हणाले, "म्हणजे काम त्याने केलं, नाव दुसऱ्याचं. मग माझं काय चुकलं?"

आम्ही म्हणालो, भाऊ, तुमचे अर्धे बरोबर आहे. आज्याचे काम जन्माने गळ्यात बांधलेले होते. पगार नाही, शिक्षण नाही, सोडायची मुभा नाही. थॉमस यांना काम निवडता आले, शिकता आले, पण हुद्दा आणि नाव मिळाले नाही. तुमच्या मुलीला मिळेल ती पदवी असेल, नोंदणी असेल, हुद्दा असेल. बाबासाहेबांनी सोडायला सांगितली ती गुलामी. ज्ञान त्यांनी कधीच सोडायला सांगितले नाही. ज्या मुलांना आपण या क्षेत्रात पाठवू, त्यांना एवढे सांगून पाठवू: नेमणूकपत्रावर हुद्दा वाचून सही करा, आणि तुम्ही केलेल्या कामाच्या कागदावर तुमचे नाव आहे का ते बघा.

आणि पहिले शील?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. त्या दोनशे कुत्र्यांना कुणी विचारले नव्हते. त्यांना मुद्दाम आजारी केले गेले, आणि बरीच मेली. त्याबदल्यात हजारो मुले जगली हे खरे, पण म्हणून कुत्र्यांचे दुःख खोटे ठरत नाही.

आज नियम बदलले आहेत. १९५९ साली रसेल आणि बर्च या दोन शास्त्रज्ञांनी तीन गोष्टी मांडल्या, त्या जगभर मानल्या जातात: प्राण्याऐवजी दुसरा मार्ग असेल तर तो घ्या, प्राण्यांची संख्या कमीत कमी ठेवा, आणि त्रास कमीत कमी होईल अशी पद्धत वापरा. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारची देखरेख समिती आहे. प्रत्येक प्रयोगशाळेत नैतिकता समिती असते. तिची मंजुरी नसेल तर प्रयोग करता येत नाही. भूल आणि वेदनाशामक द्यावे लागते. २०१४ पासून सौंदर्यप्रसाधनांची चाचणी प्राण्यांवर करायला आपल्या देशात बंदी आहे. २०२३ साली नव्या औषधांच्या नियमांत बदल झाला आणि प्राण्यांशिवायच्या पद्धतींनाही, म्हणजे माणसाच्या पेशी, संगणक यांनाही मान्यता मिळाली.

हे सगळे कागदावर राहील की नाही, हे ऑपरेशन टेबलाशी कोण उभे आहे यावर ठरते. जनावराला बोलता येत नाही. त्याला दुखते आहे, भूल कमी पडते आहे, हा प्रयोग थांबवा, असे सांगणारा माणूस म्हणजे तिथला पशुवैद्य. रात्री उठून जखम तपासणारा, पाणी पाजणारा तोच. करुणा असलेले लोक तिथे गेलेच नाहीत तर तिथे कोण उरेल? तरीही एखाद्याचे मन म्हणाले की हे आपल्याने होणार नाही, तर तो निर्णयही मानाचा आहे. निर्णय मुलीचा असावा, एवढेच आमचे म्हणणे.

आपल्या देशातले उदाहरण सांगतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या गटाने भारतीय बनावटीची हृदयाची झडप तयार केली. आधीचे तीन नमुने फसले. चौथा नमुना मेंढ्यांमध्ये बसवून तपासला गेला, आणि डिसेंबर १९९० मध्ये तो पहिल्यांदा माणसाला बसवला. परदेशी झडपेपेक्षा खूप स्वस्त. आतापर्यंत एक लाखाहून जास्त झडपा बसल्या. ही झडप जास्त कुणाला लागते? लहानपणी घसा दुखून ताप येतो, नीट औषध होत नाही, मग सांधे सुजतात आणि हृदयाची झडप खराब होते, अशा मुलांना. एका खोलीत आठ माणसे राहतात त्या घरांत हा आजार जास्त. म्हणजे आपल्याच घरांत.

शिकायचे असेल तर

बारावीला जीवशास्त्र घेऊन नीट द्यावी लागते. पशुवैद्यकाची पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची आहे. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ आणि उदगीर इथे आहेत. पुढे पशुशल्यचिकित्सेत एम.व्ही.एस्सी. करता येते. त्यानंतर औषध कंपन्या, वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या कंपन्या आणि सरकारी संशोधन संस्था यांच्या प्रयोगशाळांत काम मिळू शकते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जात पडताळणी प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. दरवर्षी याच दोन कागदांवाचून मुले अडतात.

आणि घरातल्या बाळासाठी

शेवटी आरोग्य पानाचे काम. बाळ सावळे असेल तर निळेपणा अंगावर दिसत नाही. जीभ, ओठाची आतली बाजू आणि नखे उजेडात बघा. बाळ दूध पिताना दमते, कपाळाला घाम येतो, वजन वाढत नाही, रडले की जास्त निळे पडते, मोठे मूल खेळता खेळता उकिडवे बसते, यातले काही दिसले तर नजर लागली म्हणून उतरवत बसू नका. अचानक निळे पडले तर बाळाला कुशीत घ्या, शांत करा, त्याचे गुडघे छातीशी दुमडून धरा आणि तसेच दवाखान्यात न्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. हृदयाचे ऑपरेशन लागले तर या कार्यक्रमातून आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून खर्च भागतो. आज निळ्या बाळाचे भोक बुजवून वाट मोकळी करणारे पूर्ण ऑपरेशन होते, आणि बरीच मुले शाळेत जातात, लग्न करतात, संसार करतात. मात्र वेळेत नेले पाहिजे.

भाऊ जाताना म्हणाले, "नेमणूकपत्रावर डॉक्टर लिहितात ना?" आम्ही म्हणालो, लिहितात. ते म्हणाले, "मग दाखल्याचं बघतो." मुलीने आमच्याकडून कागदांची यादी लिहून घेतली. ज्यांना तशी यादी हवी असेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात यावे, आणि घरात लहान बाळ असेल तर त्यालाही घेऊन यावे. जीभ बघायला अर्धा मिनिट लागतो.

जय भीम.